कपडे वाळत घालण्याआधी

बादलीतून काढलेल्या कपड्यातलं पाणी दोन वाटांनी जातं. काही थेंब होऊन खाली निथळतं, उरलेलं वाफ होऊन हवेत जातं. पहिली वाट जवळजवळ फुकट आहे. दुसरीला उष्णता लागते आणि ती थोडीथोडकी नाही. एक लिटर पाण्याची रोजच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, विजेच्या बिलाच्या हिशेबात युनिटाचा दोन-तृतीयांश भाग.

घरातले चार किलो सुती कपडे घेऊ. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात सहज त्याच्या वजनाइतकं पाणी राहतं, म्हणजे चार लिटर. मशीनने मिनिटाला १००० फेऱ्यांनी पिळलं तर ६० टक्क्यांच्या आसपास उरतं, म्हणजे साधारण अडीच लिटर. मधलं दीड लिटर पाणी वाफ करून घालवायचं तर एक युनिट उष्णता लागली असती. मशीनने तेच काम त्याच्या लहानशा हिश्शात उरकलं. दिवसभर दोरीवर टाकूनही कपडे ओलेच राहतात अशी तक्रार असेल, तर उन्हाला नावं ठेवण्याआधी पिळण्याकडे बघावं.

हाताने पिळायच्या आपल्याकडच्या रीती चांगल्या आहेत. चादर मध्यावर नळाच्या तोटीला अडकवायची आणि दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा. किंवा दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट फिरवायची. सुताला हे सोसतं, कारण सूत ओलं झाल्यावर जास्तच मजबूत होतं. रेयॉनचं नेमकं उलट. ओलं असताना त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. म्हणून रेयॉनचा कुर्ता करकचून पिळू नये आणि पाणी गळत असताना खांद्यावर टांगूही नये, स्वतःच्याच वजनाने तो लांबतो. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की पुरतं. लोकरीचा स्वेटर तर टांगायचाच नाही, आडवा पसरायचा.

पिळल्यावर झटकणं. जुन्या बायका प्रत्येक कपडा फटकन आवाज येईपर्यंत झटकत आणि न झटकता दोरीवर टाकलेला कपडा दिसला की बोलत. त्यांचं बरोबर होतं. पिळलेल्या कपड्यात घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या सुटल्या की हवेला लागणारं अंग वाढतं, आणि वाफ अंगावरूनच होते. शिवाय चुण्या ओल्या असतानाच मोडल्या तर इस्त्रीचं निम्मं काम वाचतं. बाहेर वाळलेला टॉवेल कडक का होतो, याचंही उत्तर इथे जवळच आहे. कापूस वरून वाळला तरी धाग्यांच्या पृष्ठभागावर थोडं पाणी धरून ठेवतो आणि ते शेजारच्या धाग्यांना सरसासारखं सांधतं, असं जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. वाऱ्यावर फडफडलेला टॉवेल त्या मानाने मऊ राहतो, कारण सांधे धरायच्या आधीच मोडत जातात. निवांत जागी वाळलेला टॉवेल घडी करण्याआधी पुन्हा दोनदा जोरात झटकला तरी फरक कळतो.

आता दुसरी वाट, वाफेची. ओल्या कपड्याला लागून हवेचा एक पातळ थर असतो. तो बाष्पाने लगेच भरतो आणि भरला की पुढचं पाणी अडून बसतं. वारा हा थर सतत पुसून नेतो. पण वाऱ्याने आणलेल्या नव्या हवेत बाष्पाला जागा किती, यावर सगळं अवलंबून असतं, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही जागा फार वेगवेगळी आहे.

मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. तापमान ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये अजून सुमारे ४५ ग्रॅम बाष्प मावतं. मुंबईतला जुलै घ्या. तापमान २९ अंश, आर्द्रता ८५ टक्के. तिथे घनमीटरला उरलेली जागा जेमतेम चार ग्रॅम. दहापटीहून जास्त फरक. विदर्भात सावलीत टाकलेलं धोतर तासाभरात वाळतं आणि मुंबईत तेच धोतर संध्याकाळीही हाताला थंड लागतं, ते याच्यामुळे.

थंड लागणं ही ओलेपणाची खूण आहे. पाणी उडताना कपड्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून सावलीत पाणी शिल्लक असेपर्यंत कपडा हवेपेक्षा थंडच राहतो. माठ गार राहतो त्याच न्यायाने. कपडा वाळला का, हे बघायला आपण तो गालाला लावतो, तेव्हा खरं तर तापमान मोजत असतो. बोटांनी चाचपण्यापेक्षा ही रीत भरवशाची.

मग ऊन कशाला? ऊन दोन कामं करतं. वाफेला लागणारी उष्णता पुरवतं. भर दुपारच्या स्वच्छ उन्हातून चौरस मीटरवर ८०० ते १००० वॅट पडतात, म्हणजे तासाला लिटरभर पाणी उडवण्याइतकी ताकद. दुसरं म्हणजे कपड्याला आसपासच्या हवेपेक्षा गरम करतं. दमट हवेत हे दुसरं काम निर्णायक ठरतं, कारण गरम कपड्यातून पाणी भरलेल्या हवेतही ढकललं जातं. कोरड्या प्रदेशात नुसता वारा पुरतो, किनाऱ्यावर ऊन हवंच. नागपूर, अकोला, सोलापूरकडे उन्हाळ्यात रंगीत कपडे भर उन्हात टाकणं हा निव्वळ रंगाचा नाश आहे. सावलीतही ते झटपट वाळतात. रत्नागिरी, मुंबई, पणजीला मात्र पावसाळ्यात तासभर ऊन पडलं की सगळी गॅलरी दोरीकडे धावते, ते योग्यच आहे.

उन्हाने रंग उडतो तो अतिनील किरणांमुळे. ते रंगाचे रेणू तोडतात. म्हणून रंगीत कपडे उलटे करून घालायचे. रेशीम, पैठणी तर सावलीतच, तेही रात्रभर न विसरता. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर चौकोन असतो आणि त्याच्या कोपऱ्यात एक-दोन तिरक्या रेघा असतात, त्याचा अर्थ हाच : सावलीत वाळवा. चौकोनात आडवी रेघ असेल तर आडवं पसरून वाळवा. बहुतेक जण ही चिठ्ठी टोचते म्हणून कापून टाकतात.

पण रंग तोडणारी हीच ताकद हळदीच्या डागावर कामी येते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि कितीही घासला तरी हटत नाही. त्याला घासत बसू नये. धुऊन तो भाग वर येईल असा उन्हात ठेवला की हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, उन्हाने आपोआप मोडतो. दोन-तीन दुपारी पुरतात. लग्नघरातल्या हळदीच्या साड्यांना याहून स्वस्त उपाय नाही.

घालायच्या पद्धतींवर घराघरांत वाद असतात. माझं मत एका नियमावर आधारलेलं आहे : सगळ्यात जाड भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तेव्हा त्याची सोय आधी बघा. शर्टात कॉलर आणि बाह्यांची टोकं, पायजम्यात आणि परकरात नेफा, पँटमध्ये कमरपट्टी आणि खिसे. पाणी खाली उतरतं. जाड भाग खाली लोंबत ठेवला तर वरचं सगळं पाणी त्यात येऊन साठतं. शर्ट खालच्या कडेने टांगला की खांद्यावर चिमट्याचे वण पडत नाहीत, हे खरं. पण कॉलर संध्याकाळपर्यंत ओली राहते. हँगरवर घालून फक्त वरचं बटण लावणं मला जास्त पटतं. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेची पुढची बाजू एका दोरीला आणि मागची शेजारच्या दोरीला लावावी. नळकांड्यासारखी उघडी राहते, आतून वारा जातो. चादर दोरीवर बरोबर मध्यावर टाकली की आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवेला लागणारं अंग निम्मं होतं. समांतर दोन दोऱ्या असतील तर दोन्हींवरून टाकून मध्ये फट ठेवावी, नाहीतर काठाकडून चार बोटं दुमडून चिमटे लावावेत. मोजे बोटांकडून टांगावेत, म्हणजे वरचं इलास्टिक ताणत नाही.

आतल्या कपड्यांबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. कित्येक घरांत दोऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. रस्त्याकडच्या दोरीवर चादरी आणि साड्या, त्यामागे शर्ट आणि सगळ्यात आत, भिंतीला लागून, बायकांचे आतले कपडे. तेही बहुधा टॉवेलखाली किंवा परकराखाली झाकून. ज्या कपड्यांना ऊन आणि वारा सगळ्यात जास्त हवा, त्यांच्या वाट्याला दोन्ही सगळ्यात कमी येतात. पाळीच्या कापडांचं तर याहून वाईट : गोठ्याच्या कोपऱ्यात, माळ्यावर, पलंगाखाली. ओलसर राहिलेल्या सुती कापडात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्वचेला त्रास होतो. गावोगावच्या आशाताई ही कापडं उन्हात वाळवा असं सांगतात, त्यामागे हेच आहे. लाज वाटत असेल तर आडोशाला का होईना, पण ऊन येईल अशी वेगळी दोरी बांधावी. झाकून वाळवणं हे वाळवणं नाही.

आता दोरी. खिळा भिंतीतून का उपटतो याचं गणित बघण्यासारखं आहे. चार मीटरची दोरी, तिच्यावर दहा किलो ओले कपडे आणि मध्ये झोळ फक्त दहा सेंटिमीटर, तर दोन्हीकडच्या खिळ्यांवर सुमारे ५० किलोची ओढ येते. झोळ वीस सेंटिमीटर होऊ दिला की ओढ निम्मी. दोरी जितकी ताठ, तितका खिळ्याचा जीव धोक्यात. नायलॉनची दोरी सैल पडते म्हणून आपण तिला चिडचिडत आवळतो, पण थोडा झोळ असू द्यावा. मात्र झोळामुळे कपडे मध्यभागी घसरून गोळा होतात, तेव्हा जड कपडे टोकांकडे आणि हलके मध्ये घालावेत. लोखंडी तारेवरचं प्लास्टिक फाटलं की पांढऱ्या सदऱ्यावर गंजाची रेघ उमटलीच समजा. तार आणि दोरी दर खेपेला ओल्या फडक्याने पुसायची सवयही सोडू नये, विशेषतः रस्त्यालगत. प्लास्टिकचे चिमटे वर्षा-दोन वर्षांत हातात मोडतात, कारण रंग तोडणारं तेच ऊन प्लास्टिकही ठिसूळ करतं. काम झालं की चिमटे दोरीवर न ठेवता डब्यात टाकले तर बरेच टिकतात.

चिमट्याशिवायही भागतं. महालक्ष्मी स्टेशनाजवळचा धोबीघाट १८९० सालचा. तिथे दोन दोऱ्यांना पीळ घालून बांधतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खुपसतात. कपड्याच्या वजनाने दोरी ताणली की पीळ आवळतो आणि टोक घट्ट धरलं जातं. शेकडो कपडे भराभर लावायचे आणि काढायचे असतात, तिथे यापेक्षा सोपी युक्ती नाही.

घरातली दांडी छताजवळ असे तिचं कारण वेगळं. सोवळ्याचं धोतर किंवा लुगडं कोणाचा हात लागू नये म्हणून उंचावर, काठीने टाकायचं आणि काठीनेच काढायचं. त्या शिवाशिवीचं मला काही कौतुक नाही. पण गरम हवा वर चढते, त्यामुळे छताजवळचे कपडे खालच्यांपेक्षा लवकर वाळत, हा फायदा खराच. आज फ्लॅटमध्ये कप्पीवर वर ओढायचे जे सीलिंग हँगर लावतात, त्यांना हाच फायदा मिळतो. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड. काठीशिवाय ते दांडीवर नीट पसरणं एकटीच्या हातचं काम नाही.

पावसाळ्यातली गोष्ट निराळी. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. जुलैच्या हवेत घनमीटरला चार ग्रॅम जागा धरली, तर सगळ्या खोलीत मावतं शंभर-सव्वाशे ग्रॅम बाष्प. दोरीवरच्या कपड्यांत आहे अडीच लिटर. खिडक्या लावून पंखा सोडला तर थोड्याच वेळात खोलीतली हवा भरते आणि पुढे पंखा ओलीच हवा ढवळत बसतो. ते पाणी उडवायला खोलीतली हवा वीसेक वेळा तरी बदलावी लागते. म्हणून पाऊस आत येणार नाही अशी एखादी खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर राखावं. ७५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज जळते. घरात एसी असेल तर खिडक्या मिटून दोन तास चालवा; बाहेरच्या नळीतून ठिबकणारं बरंचसं पाणी तुमच्या कपड्यांतलंच असतं.

पूर्वी हे काम विस्तवाकडे होतं. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी आणि लंगोट पसरत. खालून गरम, कोरडी हवा आणि वर कापड, यंत्रातल्या ड्रायरचं तत्त्व याहून वेगळं नाही. धूर आणि बंद खोली ही त्यातली धोक्याची बाजू. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्यामुळे आज कोणी हा प्रयोग दार लावून करू नये. बाळाचे कपडे तिन्हीसांजेनंतर बाहेर ठेवू नयेत, हा दंडकही असाच. सांगणाऱ्या दृष्ट लागण्याबद्दल सांगत. हवेचा हिशेब एवढाच की सूर्य मावळल्यावर हवा गार होते, तीत बाष्पाची जागा कमी होते, आणि कापूस हवेतलं पाणी परत ओढून घेतो. चांगल्या वाळलेल्या सुतातही त्याच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. रात्री दव पडलं की ते वाढतं. संध्याकाळी पाचच्या आत कपडे काढण्याची सवय प्रत्येकच कपड्याला लागू आहे. पॉलिस्टर तेवढं अपवाद. ते अर्धा टक्कासुद्धा पाणी धरत नाही, म्हणून पावसाळ्यात शाळेचे गणवेश पॉलिस्टर मिसळलेल्या टेरिकॉटचे असले की आयांचा जीव भांड्यात पडतो.

पावसाळी कपड्यांना येणारा कुबट वास घामाचा नसतो. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू कापडात उरलेल्या तेलकट अंशावर जगतो आणि तो वास सोडतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. कपडा जितके जास्त तास ओला, तितका हा जिवाणू जास्त वाढतो. हा जिवाणू चिवट आहे, कपडा नुसता कोरडा झाल्याने मरत नाही. त्यामुळे असा कपडा वाळला तरी पुन्हा घाम लागला की वास परत येतो. वर अत्तर किंवा सुगंधी द्रव ओतून उपयोग नाही. कपड्याला सोसत असेल तर कढत पाण्यात अर्धा तास भिजवून पुन्हा धुवावा आणि शेवटची ओल गरम इस्त्रीने काढावी. उन्हात वाळलेल्या टॉवेलचा तो ओळखीचा ताजा वास मात्र खरोखर उन्हाचाच असतो. कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये तो तपासला, तेव्हा ओलं कापड उन्हात वाळताना काही सुगंधी अल्डिहाइडं आणि कीटोन तयार होतात असं आढळलं. सावलीत वाळवलेल्या टॉवेलवर ती तशी नव्हती.

राहता राहिले शेजारी. साडी साडेपाच मीटरची. वरच्या गॅलरीतून मध्यावर दुमडून सोडली तरी पावणेतीन मीटर खाली लोंबते, म्हणजे खालच्या मजल्याचा उजेड तिने अडवला. अमेरिकेत काही वसाहती बाहेर कपडे वाळत घालायलाच बंदी करतात. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे आधी विचित्र वाटतं आणि मग सवयीचं होतं. व्हरमाँट राज्याने २००९ मध्ये कायदा करून अशी बंदी मोडून काढली. आपल्याकडे बंदीपेक्षा भांडणं जास्त, आणि त्यातली बहुतेक निथळणाऱ्या पाण्यावरून होतात. वरच्यांची चादर गळते आणि खालच्यांचे वाळत आलेले कपडे पुन्हा ओले होतात, डागाळतात ते वेगळंच. तेव्हा जड कपडा आधी बाथरूममध्ये नळावर पंधरा मिनिटं निथळू द्या, मग बाहेर आणा. आणि दोरीवर टाकण्याआधी एकदा वाकून खाली बघा. खालची दोरी भरलेली असेल तर हाक मारून सांगा, नाहीतर अर्धा तास थांबा.